षष्ठीचं पाणी

माझ्या वडिलांनी ऐंशीव्या वर्षापर्यंत समुद्र बघितला नव्हता. पाणी मात्र जन्मभर बघितलं. धरणावर पाण्याची पातळी नोंदवायला होते ते. रोज सकाळी सहाला भिंतीवरच्या पट्टीपाशी जायचं, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं, वहीत लिहायचं आणि वर कळवायचं. काम एवढंच, पण त्याचा रुबाब असा, की आपण आकडा लिहिला नाही तर धरणात पाणी राहायचं नाही. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी अण्णा रोज काठावर जायचे. पट्टी दिसेनाशी झाली तेव्हा पाण्याच्या कडेला दगड मांडून अंदाज घ्यायला लागले. आज किती बोटं उतरलं, हे घरी आल्या आल्या आईला सांगायचे. आई "बरं" म्हणायची आणि चहा टाकायची.

आई जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून ते धरणाजवळच्या गावात दोन खोल्यांच्या घरात एकटेच होते. मी इकडं संभाजीनगरला, गारखेड्यात, तिसऱ्या मजल्यावर. मधलं अंतर सव्वा तासाचं. दर रविवारी मी डबे भरून जायची, फ्रीज आवरायची, गोळ्या मोजायची आणि भांडून परत यायची. एकदा दूध गॅसवर ठेवून हे काठावर गेले होते. शेजारणीनं खिडकीतून धूर बघितला. एकदा न्हाणीत पडले आणि मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही दुसऱ्याच्या तोंडून. मला ते माझ्याकडं राहायला यायला हवे होते. त्यांना यायचं नव्हतं. तीन वर्षं आमच्यात दुसरा विषय नव्हता.

त्यात गावातल्या शाळेवर एक नवीन मास्तर बदलून आले. त्यांना भाड्यानं घर हवं होतं आणि त्यांच्या बायकोला नेमकं अण्णांचंच पसंत पडलं. पाडव्यापर्यंत सांगा म्हणाले. मी अण्णांना म्हटलं, माणूस चांगला आहे, घर झाडूनपुसून राहील, हो म्हणून टाका.

"माझं काय चुकतंय ते सांग," अण्णा म्हणाले. "दूध उतू गेलं म्हणून माणूस घर सोडतं व्हय? ज्या दिवशी मला पाण्याचा अंदाज येईनासा होईल ना, त्या दिवशी माझं मीच कुलूप लावतो. तू सांगायचीबी गरज नाय."

मग जरा वेळानं म्हणाले, "समुद्र दाखव एकदा. आल्यावर मास्तरला काय ते सांगू."

आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "घेऊन जा. भांडायचंच आहे तर हवा तरी बदलेल." स्वतः आले नाहीत. शहाणा माणूस.

माघ महिन्यात, थंडी उतरणीला लागल्यावर आम्ही निघालो. गाडी मीच चालवली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या दोन कळशा. कळशा अण्णांच्या हट्टापायी. कोकणात पाण्याला काय तोटा, म्हटलं तर ऐकेनात. वाटेत दिसेल त्या नदीचं नाव विचारायचे आणि पुलावरून खाली वाकून बघून "काहीच नाय" म्हणायचे. ताम्हिणीचा घाट उतरलो तसे गप्प झाले. श्रीवर्धनच्या खालच्या अंगाला एक लहान गाव आहे, तिथं एका वाडीत खोली घेतली होती. वाडी म्हणजे घराभोवतीची नारळी-पोफळीची बाग. मालकीण माझ्याच वयाची, एकटीच सगळं बघायची. बोलणं मोजकं आणि हाताला उसंत नाही. मला आवडली ती.

पोचलो तेव्हा साडेपाच वाजत आले होते. सामान तसंच टाकून मी अण्णांना किनाऱ्यावर नेलं. सुरूची झाडं संपली आणि समोर समुद्र. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. चारशे किलोमीटर गाडी चालवल्यावर तेवढा हक्क असतो माणसाला.

"लई आहे," अण्णा म्हणाले.

बराच वेळ उभे राहिले. मग इकडंतिकडं बघून म्हणाले, "हितं पट्टी कुठंय?"

मला हसू आलं. म्हटलं, "समुद्राला कोण पट्टी लावतंय अण्णा?" त्यांना ते पटलं नाही. वाकून एक शिंपला उचलला, लाटेच्या कडेला रोवला आणि तिथंच उभे राहिले. अंधार पडेपर्यंत पाणी शिंपल्यापासून बरंच मागं गेलं. "उतरतंय," ते म्हणाले, आणि मग जेवायला चला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी माझ्या आधी उठून ते किनाऱ्यावर. मी चहा घेऊन गेले तर यांनी ओळीनं चार दगड मांडलेले. पाणी पुन्हा उतरत होतं. "रात्रीतून भरलं होतं बघ, वरपर्यंत ओल आहे," त्यांनी दाखवलं. "आन् आता उतरायला लागलं. आपल्या विहिरीसारखंच आहे की हे. रात्री पाझरतंय, दिवसा उतरतंय." फार खूश होते. आपल्याला समुद्र कळला, असं वाटलेला माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

तो दिवस बागांचा होता. मालकिणीनं आधी स्वतःची वाडी दाखवली, मग शेजारच्या दोन. पोफळी इतक्या उंच आणि सरळ, की वर बघताना मान दुखते. माडांच्या बुंध्यांवर मिरीचे वेल चढवलेले. जायफळाचं झाड मी पहिल्यांदा बघितलं. फळ पिवळं, फोडलं की आत लालभडक जाळी. मला हे सगळं हळूहळू बघायचं होतं. अण्णांना फक्त पाणी दिसत होतं. शेजारच्या वाडीत पाटाला पाणी सोडलेलं होतं आणि ते झाडांची आळी भरून पुढं गवतात चाललं होतं. अण्णांना राहवलं नाही. चप्पल काढली, पायानंच माती ओढली आणि पाट बांधून टाकला.

वाडीचा मालक माडाखाली बसून बघत होता. उठला नाही. म्हणाला, "काका, ते गवत म्हशीसाठी भिजवतोय."

अण्णांनी निमूटपणे पाट मोकळा केला. पण परत येताना मला म्हणाले, "म्हशीच्या गवताला एवढं पाणी. आपल्याकडं एवढ्यावर दोन पाळ्या झाल्या असत्या मोसंबीच्या." मी म्हटलं, ते त्यांचं पाणी आहे, तुम्हाला काय करायचंय? "पाणी कुणाचं नसतं," असं म्हणून ते गाल फुगवून चालत राहिले. मालकिणीला मी हे रात्री सांगितलं तर ती इतकी हसली, की तिच्या हातातलं ताट हललं. त्याआधी संध्याकाळी साडेसहाला आम्ही पुन्हा किनाऱ्यावर होतो. पुन्हा दगड, पुन्हा पाणी मागं. अण्णांच्या हिशेबात आता काही शिल्लक राहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आम्हाला पलीकडच्या पुळणीवर जायचं होतं. पुळण म्हणजे वाळूचा किनारा. ही अगदी लहान, दोन डोंगरांच्या सोंडांमध्ये दडलेली. तिकडं वाट नाही. वरचा डोंगर उभा कापलेला आणि काट्यांनी भरलेला. समुद्र मागं सरकला की सोंडेच्या पायथ्याचे खडक उघडे पडतात, त्यांच्यावरून वळसा घालून जायचं. सकाळी मी डबा भरत होते तेव्हा मालकीण मला म्हणाली, "ताई, बाराच्या आत माघारी फिरा हां. नंतर पाणी चढतं. सोंड बुडते." मी हो म्हटलं. अण्णा तेव्हा बाहेर चप्पल झटकत होते.

जाताना काहीच त्रास झाला नाही. खडक कोरडे, मधल्या डबक्यांत बारके मासे. अण्णा माझ्या पुढं. ऐंशीचा माणूस काठी टेकत त्या खडकांवरून निघाला होता आणि मला मनातून कौतुक वाटत होतं, हे खोटं कशाला बोलू. पुळणीवर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. वाळूवर खेकड्यांनी बारीक गोळ्यांच्या रांगोळ्या काढलेल्या. पाणी हिरवं, अगदी शांत. मी पदर खोचून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिले. आपण सुखात आहोत, असं त्या वेळी स्पष्ट वाटलं.

दशम्या खाल्ल्या आणि मी विषय काढला. तिथं काढायला नको होता, पण मला धीर नाही. म्हटलं, "मग मास्तरांना काय सांगायचं अण्णा?"

"काय सांगायचं? नाय म्हणून सांगायचं."

मी माझी ठरलेली सगळी यादी म्हणून दाखवली. दूध, न्हाणी, गोळ्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग समुद्राकडं बघत म्हणाले, "बाई, तू मला सांभाळायला नाय नेत. तुझी रविवारची चक्कर वाचवायला नेतीस."

 त्यात तथ्य होतं. मला रविवार नको झाले होते. तीन वर्षांत एकाही रविवारी मी घरी लोळले नव्हते. पण त्यात जे दुसरं होतं, रात्री फोन वाजला की काळजात धस्स होणं, ते या माणसाला दिसत नव्हतं का? मला संताप आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मी तोंड फिरवून घड्याळ बघितलं. पावणेबारा.

मी म्हटलं, "पाणी परत चढेल का हो अण्णा?" इतकंच. मालकीण काय म्हणाली ते सांगितलं नाही.

त्यांनी कडेला मांडलेल्या दगडाकडं बघितलं. पाणी दगडाच्या जवळपासच होतं. "आता कुठं चढतंय. ते रात्री," ते म्हणाले. "पुनव असती तर गोष्ट वेगळी. आज षष्ठी आहे." आणि टोपी तोंडावर ओढून सावलीत आडवे झाले.

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी इथं जसंच्या तसं लिहिते. चुकू दे एकदा. हेच शब्द. फार तर गुडघ्याएवढं पाणी लागेल, धोतर भिजेल, आणि मग बघू कोणाला अंदाज येतो आणि कोणाला नाही. मी वाळूत बसून राहिले. बारा वाजले. साडेबारा वाजले. त्यांचा दगड पाण्याखाली गेलेला मला दिसत होता. ते झोपले होते आणि मी त्यांना उठवलं नाही.

सव्वा वाजता ते स्वतःच उठले. दगड शोधायला लागले, सापडला नाही. मग सोंडेकडं बघितलं. ज्या खडकांवरून आलो होतो तिथं पाणी उसळत होतं. मी एव्हाना उभी राहिले होते आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. गुडघ्याएवढं वगैरे काही नव्हतं. कंबरेइतकं होतं, आणि लाट आली की छातीला लागेल इतकं.

"असं कसं," अण्णा म्हणाले. एकदाच म्हणाले.

नशीब एवढंच की आम्ही एकटे नव्हतो. पुळणीच्या दुसऱ्या सोंडेकडून एक बाई आली, कालवं काढणारी. खडकाला चिकटलेल्या शिंपल्या कोयत्यानं फोडून आतलं मांस काढतात, ते काम. साठीची असेल, लुगडं वर खोचलेलं, कमरेला टोपली. आमच्याकडं बघून तिला काही विचारावं लागलं नाही. "खालनं नको, वरच्या अंगानं चला," म्हणाली. "काकांना मधे घ्या. काठी टाकून द्या. लाट आली की थांबायचं, गेली की पाय उचलायचा."

खडकाला वरच्या बाजूनं एक अरुंद पायरीसारखी कडा होती, ती पाण्याखाली होती आणि त्या बाईलाच ठाऊक होती. ती पुढं, अण्णा मधे, मी मागं. मी त्यांचा दंड धरला होता. हाताला नुसतं हाड लागत होतं. एका लाटेला त्यांचा पाय सटकला आणि ते माझ्या अंगावर आले. नडगी सोलली, चष्मा गेला. एरवी हात धरला तर झटकणारा माणूस, त्यानं माझी मनगटं दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवली. ते माझ्या वडिलांचे हात आहेत, एवढंच मला कळत होतं. मला मरणाची भीती वाटली. माझ्या नाही, त्यांच्या. आणि हे आपण केलं, हेही त्याच वेळी कळत होतं. ती कडा संपायला दहा मिनिटं लागली असतील.

पलीकडं वाळूवर बसलो तेव्हा ती बाई लुगडं पिळत म्हणाली, "भरतीची वेळ नाय बघितलीत?"

"रात्री भरते ना?" अण्णांनी विचारलं.

"रात्री पण आणि दिवसा पण. दोन वेळा." तिनं बोटांवर मोजून दाखवलं. "तिथीची पाऊणपट करायची काका. आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला पाणी पुरतं भरलं. त्याच्या सहा तास आधी ओहोटी. आमची पोरं पण करतात हा हिशेब."

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. चष्मा नव्हता, त्यामुळं तिचं तोंड त्यांना नीट दिसत नसावं. "षष्ठी," ते म्हणाले. "तिथी माझ्या तोंडात होती." मग मान खाली घालून नडगीवरची वाळू झाडायला लागले. मला त्या वेळी ते एकदम म्हातारे दिसले. ऐंशीचे होतेच, पण मला तोपर्यंत तसे दिसले नव्हते.

खोलीवर पोचलो तर मालकीण अंगणात सुपारी वाळत घालत होती. आमचा अवतार बघून उठली. "अगो बाई. ताई, मी सकाळीच—"

"गरम पाणी मिळेल का?" मी तिचं बोलणं तोडलं. "आणि हळद. अण्णांना लागलंय."

ती थांबली. माझ्याकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं. मग आत जाऊन चूल पेटवायला लागली. त्यानंतर दोन वेळा तिची माझी नजरानजर झाली आणि दोन्ही वेळा मी दुसरीकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी निघताना तिनं अण्णांच्या हातात जायफळं दिली. मला नुसतं "सांभाळून जा" म्हणाली.

खडकांवरून परतलो त्या संध्याकाळी अण्णा किनाऱ्यावर गेले नाहीत. ओट्यावर पाय लांब करून बसले होते. मी चहा आणून दिला. तो पुरता पिऊन झाल्यावर म्हणाले, "मास्तरला हो म्हणून कळव."

मी म्हटलं, "घाई नाही अण्णा. घरी जाऊन बघू."

"बघायचं काय त्यात? मी म्हणलो होतो ना. आज तू संगं होतीस म्हणून. आन् तुला मीच तिथं घेऊन बसलो होतो. तुला काय झालं असतं तर मी जावईबापूंना काय तोंड दाखवणार होतो?"

आता सांग, असं मला वाटलं. खरंच वाटलं. पण तीन वर्षं जे वाक्य ऐकायला मी धडपडत होते, ते त्यांनी म्हटलं होतं. मी सांगितलं असतं तर त्यांनी ते परत घेतलं असतं, आणि वर माझं तोंड बघितलं नसतं. मी रिकामी कपबशी उचलून आत गेले. न्हाणीत नळ सोडून रडले.

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही घर रिकामं केलं. सामान फारसं नव्हतंच. मास्तरांच्या बायकोनं दाराला तोरण आणून ठेवलं होतं. अण्णांनी स्वतः कुलूप लावलं, किल्ली मास्तरांच्या हातात दिली आणि गाडीकडं चालायला लागले. माझ्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, पिंपं भरून ठेवावी लागतात. गाडीपर्यंत जाताना त्याबद्दल त्यांनी दोनदा विचारलं, किती पिंपं, कुठल्या वारी. मी ठीकठाक उत्तरं देत होते.

तेवढ्यात काठाकडून एक शेतकरी मोटारसायकलवरून आला. धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागं हटतं तशा काठावरच्या लोकांना आपापल्या उपसायच्या मोटारी पुढं सरकवाव्या लागतात. त्यानं गाडी बंदसुद्धा केली नाही. "अण्णा, मोटार या हप्त्यात सरकवू का पुढच्या?"

अण्णा गाडीच्या दाराला धरून उभे होते. म्हणाले, "मला नको इचारू बाबा. माझा अंदाज चुकायला लागलाय."

त्याला वाटलं चेष्टा करतायत. हसत माझ्याकडं वळला. "काय हो ताई, अण्णा असं काय म्हणायलेत?"

अण्णाही माझ्याकडं बघत होते.

मी म्हटलं, "वय झालंय आता त्यांचं."